भिंतीवरचा उजवा हात

आत्याने समितीच्या बैठकीत शब्द दिला तेव्हा मी तिथे नव्हते. असते तर तिच्या तोंडावर हात ठेवला असता. आमच्या आत्याला एकदा बोलायची लहर आली की ती मागचापुढचा विचार करत नाही, आणि मग ते निस्तरायला घरातलं कोणी ना कोणी लागतं. या वेळी ती पाळी माझी होती.

आत्याच्या गावाला आखाडा बाळापूरहून आत जावं लागतं. तिथल्या बुद्धविहाराचा हॉल नुकताच वाढवला होता आणि समोरच्या कोऱ्या भिंतीवर बुद्धपौर्णिमेच्या आत मोठं चित्र हवं होतं. समितीचे अध्यक्ष निवृत्त शिक्षक आहेत, सगळं गाव त्यांना गुरुजीच म्हणतं. गुरुजींच्या मनात नांदेडचा एक पेंटर होता. आत्या म्हणाली, माझी भाची हिंगोलीत चित्रकलाच शिकवते, तिला द्या. गुरुजी म्हणाले, ती टॅबवर काढते, भिंत म्हणजे टॅब नव्हे, चुकलं म्हणजे काय करायचं? त्यावर आत्या भर बैठकीत म्हणाली, "चुकलं तर मी माइक सोडीन. वंदना पुन्हा तुमी घ्या."

हा माइक म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. विहारात वंदना घेताना एक जण पुढे बसून एकेक ओळ म्हणतो आणि बाकीचे मागून म्हणतात. त्या गावात पुढे बसणारा कायम पुरुषच असायचा, आणि बरीच वर्षं ते गुरुजी होते. आत्या अंगणवाडी सेविका. आवाज खणखणीत, पाली उच्चार स्वच्छ. बायकांनी लावून धरलं म्हणून कधीतरी तिला पुढे बसवलं, मग ती तिथेच राहिली. त्या जागेसाठी तिने किती टोमणे खाल्ले ते मला माहीत होतं. विधवा बाई पुढं बसती, माइक सोडत न्हाई, असलं काय काय. आणि तीच जागा तिने माझ्या ब्रशवर लावून टाकली होती, मला न विचारता.

मी चिडले, पण काम घेतलं. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं.

हिंगोलीत माझा एका खोलीचा क्लास आहे. येणारे निम्मे लग्नाचे अल्बम बनवणारे, निम्मे बॅनरवाले, आणि दोनचार खरोखर चित्र शिकायला आलेल्या पोरी. सगळ्यांचा रोग एकच. कोपरा रिकामा दिसला की यांना राहवत नाही. तिथे सूर्य टाकतात, पक्षी टाकतात, नवरानवरीच्या मागे धबधबा सोडतात. मी ओरडते, अरे, त्या रिकाम्या जागेमुळेच तर माणूस दिसतोय! समितीनेही तेच केलं. धम्मचक्र हवं, कमळ हवं, हरणं हवीत, वर कमान हवी. मी ऐकून घेतलं आणि यातलं काहीही काढलं नाही. पिंपळ, जमीन आणि बुद्ध. भूमिस्पर्श मुद्रा घेतली होती मी, म्हणजे डावा हात मांडीत आणि उजवा हात गुडघ्यावरून खाली, बोटं जमिनीला टेकलेली. या मुद्रेत हात बदलून चालत नाही. सगळी रचना त्या बोटांसाठी होती. बघणाऱ्याची नजर आधी चेहऱ्यावर जावी, तिथून उघड्या खांद्यावर, खांद्यावरून हातावरून उतरत जमिनीशी थांबावी. पिंपळाची फांदीही मी त्याच बाजूला झुकवली, म्हणजे वरूनही नजर तिथेच ढकलली जावी.

हे सगळं आधी टॅबवर केलं. विहारात जाऊन भिंतीचा फोटो काढला, तिच्या तिरक्या कडा सरळ करून घेतल्या आणि तो फोटो तळाच्या लेयरमध्ये टाकून त्यावर चित्र मांडलं. आधी नुसत्या करड्या रंगात, गडद-उजळ किती ते तपासायला. डोळे किलकिले करून बघितलं तर चेहरा आणि हात दोन्ही उठून दिसत होते. मग शेवटची तपासणी म्हणून चित्र उलटवलं. आरशात दिसतं तसं उलटं केलं की सवयीचे डोळे बाजूला पडतात आणि तोल कुठे गेलाय ते लगेच कळतं. मी मुलांना रोज करायला लावते. तोल छान होता. तेवढ्यात आईने जेवायला हाक मारली.

जेवून परत आले तेव्हा मला ते उलटलेलं चित्रच सुलटं वाटलं. एवढंच झालं. बसलेली आकृती दोन्हीकडून सारखीच असते, फांदी इकडची तिकडे गेली तरी फांदीच असते. मी वर चौकटी आखल्या, आकडे घातले, प्रिंट काढल्या आणि दुसऱ्या दिवशी बाळापूरच्या गाडीत बसले.

भिंतीवर चौकटींनी काम करताना पूर्ण चित्र कधी दिसतच नाही. हातभर चौकोनात जे आहे ते कागदावरून भिंतीवर न्यायचं, मग पुढचा चौकोन. चार पावलं मागे जाऊन बघा, असं मी वर्गात घसा कोरडा करून सांगते. इथे मागे जायला जागाच नव्हती, हॉलभर खुर्च्या, सतरंज्या आणि खिरीची पातेली रचून ठेवलेली. शिवाय आत्याने पडदा बांधून टाकला होता. पौर्णिमेआधी कोणी बघायचं नाही. गुरुजी दोनदा आले, तिने त्यांना दारातूनच परत पाठवलं. उजेड-सावली मी तिथेच ठरवली, डावीकडच्या खिडकीतून जसा उजेड यायचा तशी. हात सगळ्यांत शेवटी रंगवले, कारण मला तेच सगळ्यांत जास्त आवडतात.

पौर्णिमेच्या दिवशी दुपारी आम्ही दोघींनी खुर्च्या हलवल्या. आत्या भिंतीसमोर उभी राहिली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, आणि मला वाटलं, आता गुरुजींना बघून घेऊ. मग तिला सेल्फी हवा झाला, पुण्याच्या लेकीला पाठवायला. तिने फोन उंच धरला. स्क्रीनकडे बघितलं, मागे वळून भिंतीकडे बघितलं, परत स्क्रीनकडे.

"ह्याच्यात बराबर दिसून राहिलं गं," ती म्हणाली. "भिंतीवर काहून येगळं वाटून राहिलं?"

मी स्क्रीनकडे बघितलं. पुढचा कॅमेरा आरशासारखं उलटं दाखवतो. त्या उलट्यात बुद्धांचा उजवा हात जमिनीला टेकलेला होता.

मी भिंतीकडे वळले. भिंतीवर डावा हात टेकलेला होता.

मी तिथेच खाली बसले. आत्याने आपला उजवा हात खाली सोडला, भिंतीशी जुळवून बघितला, मग डावा सोडला, आणि तिलाही कळलं. कपाळावर हात मारून घेईल, ओरडेल असं मला वाटलं होतं. तिने फक्त जाऊन दाराची कडी लावली.

"आता?" ती म्हणाली.

बाहेर मंडपवाले बांबू टाकत होते. संध्याकाळी सगळं गाव येणार, बाळापूरहून पाहुणे, भन्ते येणार. टॅबवर एक बोट लावलं असतं तर चित्र जागेवर गेलं असतं. मी तो टॅब हातात धरून मूर्खासारखी बसले होते.

मग माझी मलाच तिडीक आली आणि तीच कामाला आली. मी हिशेब मांडला. चेहरा समोरून आहे, त्याला हात लावायचं कारण नाही. पिंपळ राहू दे तसाच. अंगावरचं चिवर उजव्या खांद्यावरून काढून डाव्या खांद्यावर न्यायचं, आणि दोन्ही हात बदलायचे. ॲक्रिलिक आहे, वैशाखाच्या उन्हात झटक्यात वाळेल. भिंतीवरच्या हातांचा फोटो टॅबवर उलटवून आकार मिळाला, पण त्याच्याबरोबर सावल्याही उलटल्या. खिडकी डावीकडे आणि सावली भलतीकडे. तो हात भिंतीवर चिकटवल्यासारखा दिसला असता. मला त्याच उजेडातला खरा उजवा हात हवा होता.

"आत्या, बस इथं. मांडी घाल. बांगड्या काढ."

"मी?"

"मग काय गुरुजींना बोलावू?"

ती बसली. डावा हात मांडीत, उजवा गुडघ्यावरून खाली. अंगणवाडीत पोरांचं खाणं शिजवून रापलेला जाडजूड हात, खरबरीत बोटं. मी आधी जुन्या हातांवर जमिनीचा आणि चिवराचा रंग दिला. पहिल्या थरातून जुना हात दिसतच राहिला. दुसरा थर दिला. तरी कोपराची कड दिसत होती. ब्रश इतका लवकर वाळत होता की दर मिनिटाला पाणी मारावं लागत होतं. वीज गेली, पंखा थांबला. माझ्या कपाळावरचा घाम रंगात पडत होता.

"हलू नको."

"न्हाई हलून राहिले."

"बोट हललं तुझं."

"मुंग्या आल्या हातात, बाई. तू काढ तुझं."

मधेच दार वाजलं. आम्ही दोघी दगड झालो. "झालं का?" गुरुजींचा आवाज. "स्पीकर लावायचा आहे. दार उघडा जरा."

चित्रातला खांदा अर्धवट, चिवर नुसतं ओढलेलं, बुद्धांना त्या क्षणी उजवा हातच नव्हता. मी आत्याकडे बघितलं. ती जागची हलली नाही, मान तेवढी दाराकडे करून म्हणाली, "रंग ओला हाय, गुरुजी. धूळ बसंल. चहा घेऊन या तुमी." ती खोटं बोलली नव्हती, रंग ओलाच होता. गुरुजींची चप्पल दारापासून लांब गेली तेव्हा कुठे मी पुन्हा ब्रश उचलला.

हात झाला. रचनेचं मात्र वाटोळं झालं होतं. फांदी उजवीकडे झुकलेली, हात डावीकडे, मध्ये नजर गांगरत होती. मी हाताच्या बाजूला पिंपळाची दोनचार गळलेली पानं टाकली, फांदीच्या टोकाचा रंग दाबला, गडद केला, म्हणजे ती ओरडायची थांबेल. हाताच्या मागची जमीन थोडी उजळ केली. तिथे उजेड आला की नजर आपोआप आली. लांबून बघितलं. वाईट नव्हतं. खरं तर तो हात आधीच्यापेक्षा चांगला झाला होता, त्याला वजन आलं होतं. मी तेवढ्या गडबडीतही खूश झाले.

आत्या मनगट चोळत उठली. "आता सांगाव लागंल," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. "कोणाला?"

"समितीला. चुकलं तर सोडीन म्हणाले होते ना."

माझं डोकंच फिरलं. अगं, चुकलं होतं, आता नाही! कोणाला दिसतंय का काही? वाळलं की कोपराची कडही जाईल. सांगून काय मिळणार? तुझी जागा जाईल, त्या लोकांना आयतं कोलीत मिळेल, पुन्हा कुठली बाई पुढे बसायची नाही. आणि माझं काय? हिंगोलीत दुसऱ्या दिवशी पोचेल, मॅडमनी बुद्धांना डावखुरं केलं. कोण येईल माझ्याकडे शिकायला? मी बोलत होते ते रागाने, पण त्यात भीती होती, आणि ती तिला ऐकू गेली.

तिने काढून ठेवलेल्या बांगड्या उचलल्या. मग एकेक करून घातल्या.

"बरं," ती म्हणाली. "तुझ्यासाठी न्हाई सांगत."

चूक झाली, वेळेत सापडली, दुरुस्त केली, विषय संपला. माझं मत तेव्हा हे होतं आणि आजही हेच आहे. दुनियेतली सगळी चित्रं अशीच होतात. कुठला चित्रकार आपल्या रंगाखाली काय झाकलंय ते माइकवरून सांगतो?

संध्याकाळी हॉल भरला. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, दारापर्यंत माणसं. गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईच्या हातून पडदा ओढला. एकदम सगळ्यांचे हात जोडले गेले. मी बायकांमध्ये बसले होते. माझी नजर फक्त त्या कोपराच्या कडेवर. नव्हती दिसत. गुरुजी वळून माझ्याजवळ आले, वाकून म्हणाले, "पोरी, हात फार जिवंत झालाय." मनापासून म्हणाले ते. मला वाटलं, सुटलो.

भन्तेंचे दोन शब्द झाले आणि आत्या माइकसमोर बसली. तिच्या आवाजात आधी काहीच वेगळं नव्हतं. तिने त्रिशरण घेतलं, गावाने मागून म्हटलं. मग पंचशील सुरू झालं. पहिलं शील, जीव न घेण्याचं. गावाने म्हटलं. दुसरं, चोरी न करण्याचं. तिसरं. गावाने म्हटलं.

चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे.

आत्या थांबली. आधी सगळ्यांना वाटलं माइक बिघडला. कोणीतरी मागून स्पीकरवाल्याला हाक मारली. मी मनात म्हणत होते, म्हण, म्हण ना, एक ओळ आहे. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती समोर भिंतीकडे बघत होती, त्या हाताकडे, जो तिचाच होता.

"चौथं शील मला घेता येत न्हाई," ती माइकवर म्हणाली. "दुपारपर्यंत हे चित्र चुकलेलं होतं. डावा हात जमिनीला लागला होता. आमी दार लावून दुरुस्त केलं आन् न सांगायचं ठरवलं. मी ठरवलं."

मी ठरवलं म्हणाली ती. माझं नावसुद्धा घेतलं नाही. हॉलमध्ये कुजबुज उठली. माझ्या पुढच्या दोघी मागे वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मला तिचा इतका राग आला की उठून निघून जावंसं वाटलं.

गुरुजी उठले. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. ते भिंतीजवळ गेले, चष्मा वर करून हाताकडे निरखून बघितलं, मग खिडकीकडे बघितलं. मग आत्याकडे वळले.

"आता बरोबर आहे ना, बाई?"

"हाय."

"मग झालं की. घे पुढचं."

कोणीही घेतलं असतं पुढचं. खुद्द गुरुजी सांगत होते, भन्ते मान हलवत होते, बायकांमधून "घ्या बाई, घ्या" असं येत होतं. आत्याने माइक स्टँडवरून काढला, पदराने पुसला आणि गुरुजींच्या हातात दिला.

"शब्द दिला होता, गुरुजी. चित्र चुकलं होतं."

गुरुजींनी लगेच घेतला नाही. तो तसाच दोघांच्या मध्ये राहिला. शेवटी त्यांनी हात पुढे केला. आजही तिथे वंदना गुरुजीच घेतात. आत्या ते कधी बोलून दाखवत नाही, आणि मी विषय काढला की भाकरीकडे लक्ष देते.

ती उठून बायकांमधून वाट काढत आली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. मी तिच्याकडे बघितलं नाही. गुरुजी तिच्या जागेवर बसले, घसा साफ केला आणि चौथं शील म्हटलं. बऱ्याच दिवसांनी म्हणत असल्यामुळे आवाज थोडा कापला. मागून सगळं गाव बोललं, आणि त्या सगळ्या गावात माझ्या कानाशी आत्याचा आवाज सगळ्यांत वर होता, माइक नसताना. ती एकेक अक्षर पूर्ण म्हणत होती.

पाचव्याला मी सगळ्यांबरोबर म्हटलं. चौथ्याला माझं तोंड उघडलं नाही.